कागदावरचे सतरा

माझी बायको गणपतीचे डोळे आखते. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं सगळं महाभारत त्यावरूनच घडलं. हमरापूरला तिच्या भावाचा कारखाना आहे. कारखाना म्हणजे काय, पत्र्याची लांबलचक शेड आणि आत मांडण्यांवर छतापर्यंत गणपती. अंगाचा रंग, पितांबर, दागिने ही कामं दहा-बारा जण मिळून करतात. डोळे मात्र ती एकटी. मांडी घालून बसते, बारीक ब्रश हातात घेते, श्वास रोखते आणि एका दमात रेघ ओढते. रेघ केसभर हलली तर देव तिरळा दिसतो. त्यामुळे ‘केसभर’ या मापाशी तिचं लग्न माझ्या आधीच लागलेलं आहे.

आता असल्या बाईबरोबर संसार करून बघा! मी म्हणावं, साडेपाच वाजले, चहा टाक. ती घड्याळाकडे बघून म्हणणार, ‘पाच तेहेतीस.’ वाणी म्हणाला, वहिनी, किलोच्या आसपास भरलाय वाल, घेऊन जा. तर ही पिशवी परत काट्यावर ठेवणार. ‘आसपास म्हणजे? आसपास कुठल्या गावाला आलं?’ आमच्या मुलीच्या बारशाला कुणीतरी म्हणालं, तीन किलोची आहे हो पोर. बाळंतीण असून आतल्या खोलीतून ओरडली, ‘दोन किलो आठशे चाळीस!’ मी स्वतः ऐकलंय.

आणि मी? मी पडलो अंदाजपंचे दाहोदरसे. उचलली जीभ लावली टाळ्याला. शिवाय नाकावर राग. दोघांचं कसं जमलं, हे आमच्या दोन्ही घरच्यांना अजून कोडं आहे.

मी अठरा वर्षं रोह्याजवळ एका केमिकल कंपनीत ऑपरेटर होतो. घर पेणच्या बाजूला, हमरापूरपासून चालत जायच्या अंतरावर. कंपनीची बस नाक्यावर यायची. फर्स्ट शिफ्ट, सेकंड शिफ्ट, नाइट, परत फर्स्ट. जेवायची वेळ अशी कधी नव्हतीच. मी जेवायचो तेव्हा ती कारखान्यात, ती जेवायची तेव्हा मी बसमध्ये. सुट्टीच्या दिवशी मी झोपलेला. ताट झाकून ठेवलेलं असायचं, त्यावर बशी, बशीवर वाटी. मी त्याच्याबद्दल कधी विचार केला नाही. जेवण मिळतंय ना, मग झालं, अशी माझी अक्कल.

चाळिशी उलटल्यावर मात्र नाइट सोसेना. प्लँटचा भोंगा वाजला की छातीत धस्स व्हायचं, उगाचच. एक दिवस बसमधून उतरताना ठरवलं, बस्स. आता आपली गाडी घ्यायची, पिकअप, आणि आपल्या मर्जीने फिरायचं. पेणहून पोहे, वाल, मिठाच्या गोणी, कलिंगडं, काय वाटेल ते भरायचं आणि रोहा, नागोठणे, कुठे वाटेल तिथे उतरवायचं. मी शोरूममध्ये जाऊन आलो आणि तिथला रंगीत कागद बायकोपुढे टाकला. त्यावर गाडीच्या फोटोखाली ठळक लिहिलेलं होतं, एका लिटरला सतरा किलोमीटर. मी त्याला पेनाने गोल केला होता.

‘हे बघ,’ मी म्हटलं, ‘सतरा! कंपनीने लिहून दिलंय.’

तिने कागद दिव्याखाली धरला. बराच वेळ वाचला. मग म्हणाली, ‘खाली बारीक अक्षरात लिवलंय, चाचणीच्या परिस्थितीत. ती कुठली परिस्थिती?’

‘अगो, ते असंच लिहितात. कायद्याने लिहावं लागतं.’

‘म्हंजे रस्त्यावर सतरा देणार?’

‘देणार म्हणजे देणार. मी सांगतो ना!’

‘तुमी सांगता हीच तर भीती हाय,’ ती म्हणाली. पण तिने नाही म्हटलं नाही. अट घातली. ‘भाडी किती मिळतील, काय सुटेल, मी विचारणार नाय. तुमी मला एकच आकडा सांगितलात. तो एकदा, एकदाच, माझ्या डोळ्यांसमोर खरा करून दाखवा. गणपतीपर्यंत मुदत. नाय दाखवलात तर गाडी विकायची आणि परत कंपनीत जायचं.’ आमचा सुपरवायझर भला माणूस. तो म्हणाला होता की गणपतीपर्यंत ठेकेदाराकडे तुझी जागा धरून ठेवतो. ते तिला माहीत होतं. मी नव्या गाडीपुढे फोडलेल्या नारळावर हात ठेवून शब्द दिला. चार शेजारी साक्षीला होते आणि चौघेही पेढे खात हसत होते.

होळीनंतर गाडी रस्त्यावर आली. काय दिवस होते! भाडं नसलं तर मी दुपारी हमरापूरला कारखान्यासमोर गाडी लावायचो, मागचा फाळका पाडायचो, आणि आम्ही दोघं फाळक्यावर पाय सोडून बसून एकाच डब्यातलं जेवायचो. भाकरी, सुकट, कधी वालाचं बिरडं. तिची बोटं रंगाने माखलेली, म्हणून कालवण मी वाढायचो. मेहुणा शेडमधून ओरडायचा, ‘काय नवीन लग्न झालंय काय रे?’ मी त्याला एक शिवी हासडायचो आणि पुढचा घास घ्यायचो.

पहिला हिशोब पंधरा दिवसांनी झाला. पेणच्या पंपावर टाकी गळ्यापर्यंत भरली, ट्रिपमीटर शून्यावर आणलं, गाडी नेहमीसारखी फिरवली आणि त्याच पंपावर परत गळ्यापर्यंत भरली. एकशे अठरा किलोमीटर, दहा लिटर. बायकोने मांडीवर बोट फिरवून आकडेमोड केली.

‘अकरा पॉइंट आठ.’

‘गाडी नवी आहे. इंजिन मोकळं व्हायचंय अजून,’ मी म्हटलं.

पुढच्या वेळी साडेअकरा आले. मी म्हटलं, डिझेलच बरोबर नसेल. पंप बदलला. अकरा पॉइंट नऊ. मी म्हटलं, टायरात हवा कमी असणार. हवा भरली. मग रस्त्यावर घसरलो. खड्डे किती, वडखळ नाक्यावर गाड्या किती, हायवेचं काम संपता संपत नाही. मग वारा. खाडीवरून समोरून येतो, गाडीला मागे ढकलतो. ती भाकरी मोडत ऐकत होती. मी वाऱ्यापर्यंत आलो तेव्हा म्हणाली, ‘नाचता येईना, अंगण वाकडं.’ बाकी काही नाही. एवढंच बोलून सुकट खायला लागली. मला असा संताप आला की डबा तिथेच टाकून निघालो. अर्ध्या तासाने भूक लागली म्हणून परत आलो. तिने माझा वाटा झाकून ठेवला होता.

शेवटी पेणच्या मेकॅनिककडे गाडी नेली. म्हातारा माणूस, आयुष्य गाड्यांखाली गेलेलं. त्याने तासभर बघितली, हात पुसले.

‘गाडीला काय नाय झालेला.’

‘मग सतरा का देत नाही? कंपनी काय खोटं बोलते?’

‘कंपनी कशाला खोटा बोलंल? कंपनी गाडी मोजते बंद हॉलमधी. खाली रूळ फिरतात, गाडी जागच्या जागी पळते. थय वडखळ नाका नाय. आडवा येणारा कुत्रा नाय. भिसे खिंडीचा चढ नाय. मागं गोणी नायत.’ त्याने माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. ‘आनि मुख्य म्हंजे थय तू नायस.’

‘म्हणजे?’

‘तुजा पाय लय जड हाय, बाबा. लांबून आवाज ऐकला की मी समाजतो, तू आलास.’

आता हे मला, अठरा वर्षं प्लँट चालवलेल्या माणसाला, दुसऱ्याने सांगावं लागावं! आमच्या कंपनीत लॅबवाले सांगायचे, ही बॅच चार तासांत होते. होते ना, काचेच्या चंबूत होते. प्लँटवर तीच बॅच सहा तास घ्यायची, सात घ्यायची, आणि आम्ही लॅबवाल्यांच्या नावाने बोटं मोडायचो. ‘चंबूत शिजवणं सोपं आहे, इकडे या म्हणावं!’ असं मी स्वतः शंभर वेळा ओरडलो असेन. आणि स्वतःची गाडी घेताना मीच चंबूतला आकडा नारळावर हात ठेवून बायकोला देऊन बसलो. कप्पाळ माझं! पण शब्द दिला होता आणि दिवस पळत होते.

मग मी उपाय सुरू केले. स्टेपनी घरी काढून ठेवली, वजन कमी. दोन दिवसांनी नागोठण्याला पंक्चर झालो आणि चार तास रस्त्यावर बसलो. काचा बंद ठेवल्या, वारा आत शिरून गाडी अडवू नये म्हणून. घामाने चिंब झालो. एकदा खिंडीच्या उतारावर गाडी न्यूट्रलला टाकली, तेव्हा समोरून एसटी आली आणि ब्रेक लागता लागता माझ्या तोंडचं पाणी पळालं. म्हाताऱ्या मेकॅनिकला सांगितलं, तर त्याने पानाच हातात घेतला. ‘सतरासाठी सतरा तुकडे व्हायचं हाय का तुला?’ ते मात्र मी परत केलं नाही.

आणि मग मी लबाडी केली. सांगूनच टाकतो. टाकीची एक गंमत असते. डिझेल भरताना वर फेस येतो, आत हवा अडकते, नोझल आपोआप बंद पडतो आणि माणसाला वाटतं टाकी भरली. गाडी धरून गदागदा हलवली की फेस बसतो आणि आणखी डिझेल मावतं. मी काय केलं, पहिल्यांदा भरताना गाडी चांगली हलवून हलवून तुडुंब भरली. नव्वद किलोमीटर फिरून आल्यावर मात्र नोझल बंद पडला तिथेच हात वर केला. ‘झाली फुल! पाच पॉइंट एक लिटर. नव्वद भागिले पाच पॉइंट एक, साडेसतरा! घ्या! सतरा मागितले, साडेसतरा दिले!’

पंपावरचा माणूसही टाळ्या वाजवायला लागला. बायको गाडीतून उतरली. पदर खोचला. दोन्ही हातांनी गाडीचा मागचा हौदा धरला आणि गाडी हलवायला लागली. एवढीशी बाई, पण गाडी अशी डुलली की मागच्या रिक्षावाल्याने रिक्षा मागे घेतली.

‘आता भरा,’ ती पंपवाल्याला म्हणाली.

भरलं. एक पॉइंट चार लिटर आणखी गेलं. सगळा पंप बघत होता.

‘तेरा पॉइंट चौऱ्याऐंशी,’ ती म्हणाली. ‘आणि यापुढं भरताना तुमी पंपाच्या बाहेर उभे राहायचं. मीटर मी बघणार, गाडी मी हलवणार, हिशोब मी करणार.’

मला स्वतःचीच लाज वाटली. चिडायलाही तोंड उरलं नव्हतं. आणि खरं सांगायचं तर मी घाबरलो होतो. श्रावण उजाडला होता. सुपरवायझरचा दोनदा फोन येऊन गेला होता. मला परत त्या भोंग्याखाली जायचं नव्हतं. गाडी घेऊन वळणावर शिट्टी वाजवायची, फाळक्यावर बसून जेवायचं, ही सवय मला लागली होती, आणि ती सुटणार या विचाराने मी चाळीस पार केलेला बाप्या माणूस गाडीतच डोळे पुसायचो.

त्या वर्षी गणपतीची भाडी जोरात होती, पण मेहुणा मला एकही देत नव्हता. ‘तुझ्या गाडीत गणपती?’ तो म्हणायचा. ‘उतरवताना सोंडा गोळा करत बसावं लागंल.’ मूर्ती पेंढ्यात बसवतात, मध्ये कागदाचे बोळे घालतात, तरी एक जोराचा ब्रेक लागला की कुणाचा तरी हात जातो. आमच्याकडचे गणपती वाहणारे ड्रायव्हर म्हणजे वेगळीच जात, वरातीपेक्षा हळू जातात. पण गणपतीच्या आठ दिवस आधी मेहुण्याचा ठरलेला ड्रायव्हर तापाने आडवा झाला. रोह्याला लागून असलेल्या अष्टमी गावातल्या एका दुकानात बावीस मूर्ती त्याच दिवशी पोचवायच्या होत्या. दुसरी गाडी मिळेना. मेहुणा माझ्याकडे आला, तोंड एरंडेल प्यायल्यासारखं करून.

‘मी बसते बरोबर,’ बायको म्हणाली. ‘सगळे डोळे माझे हायत.’

जाताना आधी पंपावर गेलो. मी रस्त्याच्या पलीकडे उभा. तिने टाकी भरून घेतली, गाडी हलवली, परत भरून घेतली, मीटर शून्य केलं. मग कारखान्यात जाऊन मूर्ती भरल्या. तोंडांवर फडकी बांधली. शेवटची मूर्ती चढली तसा मेहुणा म्हणाला, ‘बूट काढ.’

आमच्याकडे ही रीत आहे. गाडीत देव बसला की ड्रायव्हरने पायात काही घालायचं नाही. गाडी म्हणजे तेवढ्यापुरता देव्हारा. मला माहीत होतं, पण माझ्यावर वेळ कधी आली नव्हती. मी खाली वाकलो आणि बुटांच्या नाड्या सोडल्या. कंपनीचे सेफ्टी शूज होते. पुढे लोखंडी टोपी असलेले, एकेक बूट चांगला वजनदार. नोकरी सुटली तेव्हा दोन जोड कोरे शिल्लक होते. फुकटचे, मजबूत, टाकायचे कशाला? अठरा वर्षं तेच घातले होते, गाडीवरही तेच घालत होतो. बूट मेहुण्याच्या खाटेखाली सरकवले आणि अनवाणी गाडीत चढलो.

क्लचवर पाय ठेवला आणि दचकलो. गार लागला. ॲक्सिलरेटरवर अंगठा टेकला, तर आतली थरथर थेट टाचेपर्यंत आली. इतके महिने मी त्याच्यावर नुसता पाय आदळत होतो. किती दाबलंय ते त्या लोखंडी टोपीतून मला कधी कळलंच नव्हतं. आता अंगठा नुसता टेकवला तरी गाडी पुढे सरकत होती. मागे बावीस देव, शेजारी त्यांचे डोळे आखणारी. मी जन्मात चालवली नव्हती तशी गाडी चालवली. खड्डा दिसला की आधीच पाय उचलायचा, म्हणजे ब्रेकच लावावा लागत नव्हता. वडखळला पुढच्या ट्रकला मोकळी जागा सोडून सावकाश सरकत राहिलो. मागचा हॉर्न वाजवत होता. वाजव बाबा! खिंडीचा चढ गाडी गुणगुणत चढली. वळणावर बायको मागच्या काचेतून बघायची आणि म्हणायची, ‘बसलेत हा सगळे नीट.’ एवढंच.

अष्टमीला पोचलो. दुकानापुढे गाडी लावली. दुकानदाराने एकेक फडकं सोडून बघितलं. बावीसच्या बावीस शाबूत. एकाचं बोटही दुखावलं नव्हतं. मी एवढा खूश झालो की त्याच्या नोकरांबरोबर स्वतः मूर्ती उतरवल्या आणि प्रत्येकाला ‘मोरया’ म्हणालो.

परत येताना हौदा रिकामा. बूट कारखान्यात, त्यामुळे पाय अनवाणीच. आता हाणावी गाडी, असं हाताला वाटत होतं. पण कुंडलिका नदी मागे पडली न पडली तोच बायको झोपली. पंधरा दिवस ती सकाळपासून दिवेलागणीपर्यंत डोळे आखत होती. मान काचेला टेकली होती, तोंड थोडं उघडं, बोटांवर काळा रंग. जरा गचका बसला की कपाळ काचेवर आपटायचं. मग मी गचका बसू दिला नाही. देव उतरले होते, तरी त्याच वेगाने आलो. मागून येणाऱ्या सायकलवाल्याने सुद्धा मला गाठलं असेल. ॲव्हरेज, सतरा, सुपरवायझर, काही म्हणजे काही डोक्यात नव्हतं. पेणच्या पंपासमोर गाडी थांबली तेव्हा ती जागी झाली.

मी शिस्तीत रस्ता ओलांडून पलीकडे उभा राहिलो. ती मीटरवर वाकली. टाकी भरली. गाडी हलवली. परत भरली. परत हलवली. मग केबिनमधून मिठाईच्या खोक्याचं झाकण काढलं, डोळे आखायची पेन्सिल काढली आणि बॉनेटवर झाकण ठेवून हिशोब करायला लागली. पाठमोरी. एवढा वेळ कशाला लागावा? साधा भागाकार! एक बस गेली, दुसरी गेली. ती तशीच उभी.

‘अगो, किती?’ मी पलीकडून ओरडलो.

ती वळली. चेहऱ्यावर काही नाही. डोळे आखताना असतो तसाच चेहरा.

‘सतरा,’ ती म्हणाली.

पुढचं मला नीट आठवत नाही. मी रस्ता न बघता पळत आलो, पंपवाल्याला मिठी मारली, त्याच्या टोपीचं चुंबन घेतलं म्हणे. नाक्यावर जाऊन सगळ्यांना चहा पाजला. म्हाताऱ्या मेकॅनिकला ओरडून सांगितलं. तो म्हणाला, ‘हॉल कुठचा गाठलास रे?’ मी सुपरवायझरला तिथूनच फोन लावला आणि म्हटलं, साहेब, उपकार झाले, पण माझी जागा दुसऱ्या कुणाला तरी द्या. बायकोच्या आकड्याची फेरतपासणी करावी, असं मला वाटलंच नाही. पंचांग कोणी तपासून बघतं का?

बूट मी परत घातले नाहीत. कशामुळे जमलं, ते मला आणि तिला दोघांनाही कळलं होतं. मेहुणा अजून म्हणतो की बावीस गणपतींची कृपा. मी म्हणतो, असेल बाबा. ती म्हणते, ‘कृपाच हाय, पण पायात आली.’ एका बुटात तिने मिरचीचं रोप लावलंय, दुसऱ्यात ओवा. मिरची चांगली लागते. मी आता गोणी असोत की कलिंगडं, अनवाणीच चालवतो, आणि भरल्या गाडीला चौदा-पंधरा मिळतात. कधी कमी, कधी जास्त. रस्ता आहे, हॉल नाही. मेहुणा मात्र आता रोह्याचे सगळे गणपती माझ्याच गाडीत देतो.

दिवाळीच्या आधी गाडी धुवायला काढली. सीट उचलली तर खाली पेंढा, शेंगांची टरफलं, आणि मिठाईच्या खोक्याचं ते झाकण. पेन्सिलीची काळी अक्षरं तशीच होती. तिचं अक्षर, एकाखाली एक, मोत्यासारखं. ब्याण्णव पॉइंट चार किलोमीटर. पाच पॉइंट सहा लिटर. खाली भागाकार, सगळ्या पायऱ्यांसकट. उत्तराखाली दोन रेघा.

साडेसोळा.

मी परत भागाकार केला. बोटांवर केला, मग फोनवर केला. साडेसोळाच. दोन किलो आठशे चाळीसवाली बाई! पाच तेहेतीसवाली बाई! मी ओल्या हातांनी तसाच गाडी घेऊन कारखान्यात गेलो. गणपती संपले होते, शेड रिकामी होती. ती एकटी पुढच्या वर्षीचे ब्रश धूत बसली होती. मी झाकण तिच्यापुढे धरलं.

‘हे काय गो?’

तिने बघितलं आणि परत ब्रश धुवायला लागली. कान मात्र लाल झाले.

‘शाळेत साडेसोळाला सतराच धरतात,’ ती म्हणाली.

‘तू कधीपासून धरायला लागलीस?’

तिने ब्रश पाण्यात टाकले, हात पदराला पुसले आणि माझ्याकडे सरळ बघितलं.

‘अठरा वर्षं एकटी जेवले मी,’ ती म्हणाली. ‘आता अर्ध्यासाठी परत एकटी जेवू?’

मी तिचा डबा उचलून बाहेर गेलो, फाळका पाडला आणि डबा उघडला.